आग्नेयेचं भांडण

बिलोलीकर काकांना बल्बचा राग येतो. माणसांचा राग कुणालाही येतो, त्यात विशेष काही नाही. काकांना बल्बचा, मोबाइलच्या चार्जरचा, लिफ्टच्या मोटारीचा राग येतो, आणि तो ते मालकाच्या घरी जाऊन व्यक्त करतात.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. मी आणि आई तेव्हा विद्यानगरमध्ये भाड्याचं घर शोधत होतो. मी उमरीजवळच्या खेड्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. विमा कंपनीत नोकरी लागली म्हणून हैदराबादला आले. तीन घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "घरात काय काय शिजतं". एवढं झाल्यावर ते घर अचानक त्यांच्या भाच्याला हवं असायचं. तिन्ही घरमालकांना भाचे होते. आईसमोर हे ऐकताना माझं डोकं भणभणायचं.

चौथं घर काकांचं. बेल वाजवली तेव्हा ते कानाला छोटा रेडिओ लावूनच बाहेर आले. पांढरी दाढी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला आठ्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "आडनाव वाघमारे. गाव उमरीकडचं. घरात सगळं शिजतं."

"ते राहू द्या," काका म्हणाले. "चार्जर दाखवा."

मी पिशवीतून चार्जर काढला. त्यांनी तो भिंतीतल्या प्लगात लावला, रेडिओ जवळ नेला. रेडिओतून तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज आला.

"हे बघा. खरखर. हे असलं माझ्या घरात नक्को." त्यांनी चार्जर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि कपाटातून दुसरा काढून माझ्या हातात ठेवला. "हा वापरायचा. बल्ब मी देतो. मिक्सर संध्याकाळी लावायचा नाही. कबूल आहे तर राहा."

आई जिना उतरताना म्हणाली, "बया, लईच चिडका माणूस हाय. पर घर दिलं की."

मला आजही वाटतं, मी त्या शहरात खऱ्या अर्थाने राहायला आले ते त्या रागामुळेच.

काका एका कारखान्याच्या उपकरण विभागातून निवृत्त झाले होते. छंद हौशी रेडिओचा. म्हणजे सरकारचा परवाना काढायचा, घरी यंत्र बसवायचं, आणि जगभर पसरलेल्या आपल्यासारख्याच लोकांशी हवेतून बोलायचं. बिल्डरने त्यांचं जुनं घर पाडून ही इमारत बांधली, तेव्हा काकांनी दोन फ्लॅटांखेरीज एकच गोष्ट मागितली, गच्चीवर टॉवर उभारण्याची मुभा. टॉवर लोखंडी, तीन पायांचा. त्याला चहूबाजूंनी ताणाच्या तारा. वर माशाच्या काट्यासारखी दिसणारी मोठी अँटेना, आणि तिच्याखाली तिला फिरवणारी मोटार, रोटेटर. ज्या देशाशी बोलायचं तिकडे अँटेनेचं तोंड वळवायचं. घरात बसून डबीवरचं बटण दाबलं की वर अँटेना फिरे, आणि तिच्या बरोबर खाली माझी खोली. कुणीतरी छतावर जात्यावर दळायला बसल्यासारखा आवाज येई.

काकांच्या जगात दोनच गोष्टी होत्या, सिग्नल आणि खरखर. सिग्नल क्वचित. उरलेलं सगळं खरखर. महापालिकेची नोटीस खरखर, लग्नाची पत्रिका खरखर, बंगळुरूहून मुलीचा फोन आला तरी तो ठेवून म्हणत, "खरखर. म्हणे, पप्पा, आमच्याकडे या. तिथे टॉवर कुठे आहे?"

संक्रांतीला तर ते दोन दिवस गच्चीवरच असत. सगळ्या मोहल्ल्याचे पतंग त्यांच्या अँटेनेत अडकायचे. मांजा रोटेटरमध्ये गेला की जातं बंद. मग काका कमरेला पट्टा बांधून या वयात टॉवरवर चढत आणि वरून समोरच्या गच्च्यांवर ओरडत, "दिमाग है के नै? आसमान इतना बडा है, मेरेच अँटेने में कायकू?"

एकदा आईने ताणाच्या तारेवर लुगडं वाळत घातलं. काका गच्चीवरून तरातरा खाली आले. "वाघमारे बाई, तुमच्या मातोश्रींना सांगा, ती दोरी नाही. त्या तारेवर माझा टॉवर उभा आहे."

आई म्हणाली, "लुगड्यानं पडंल असला टावर कशाला बांधला मग?"

दुसऱ्या दिवशी आमच्या दारासमोर काकांनी स्वतः नायलॉनची दोरी बांधून दिली. बांधताना पूर्ण वेळ शिव्या चालू होत्या.

रेडिओवर मात्र हाच माणूस लोण्यासारखा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. कुणी जपानचा, कुणी इटलीचा. हवापाणी विचारायचे, यंत्र कोणतं ते सांगायचे, आणि शेवटी न चुकता "सेव्हन्टी थ्री". तो या लोकांचा रामराम आहे. सेव्हन्टी थ्री म्हटलं की बोलणं संपलं, ज्याने त्याने आपल्या वाटेला जायचं.

पण दिवेलागणीला जातं एकदा आग्नेयेकडे फिरायचं, आणि भिंतीपलीकडे वेगळाच माणूस बोलायला लागायचा.

"मास्टर, तेरेकू अक्कल है के नै?"

मास्टर म्हणजे अंदमानातल्या एका लहान बेटावरचे निवृत्त मुख्याध्यापक. या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. भांडण मात्र रोज. कधी अँटेना कुणाची सरस यावर, कधी पाऊस कुणाकडे जास्त यावर, आणि मी राहायला गेले त्या वर्षी बरेच दिवस आमटीत चिंच घालावी की नाही यावर. काका चिंचेच्या बाजूचे. मास्टर म्हणत, चिंचेने डाळीचा खून होतो. समुद्रावरून आल्यासारखा बारीक, लाटांवर वरखाली होणारा आवाज. शेवटी काका ओरडत, "कल बताता तेरेकू," आणि खट्‌कन यंत्र बंद. रामराम नाही, काही नाही. मला वाटायचं, एवढा वाईट माणूस आहे तर रोज कशाला बोलायचं त्याच्याशी?

मग वास्तूचं प्रकरण सुरू झालं.

आमच्या इमारतीला दोन अंगं आहेत. समोरच्या अंगात सर्वांत वर रामाराव गारू राहतात, गारू म्हणजे इकडचं 'साहेब'. सोसायटीचे अध्यक्ष, अंबरपेठेत औषधांचं दुकान. त्यांना हृदयाचा त्रास झाला, दुकानही मंदावलं. तेव्हा वास्तू बघणारे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि बोट दाखवलं. आग्नेयेकडे वळली की काकांच्या अँटेनेचा टोकाचा भाग थेट रामारावांच्या देवघराच्या खिडकीवर रोखला जायचा.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. रामाराव मऊ आवाजात बोलले. "बिलोलीकर गारू, आप बडे हैं. पर ये बाण है. रोज शाम को मेरे घर पे बाण." मग त्यांनी मार्ग सांगितले. काकांनी अँटेना त्या बाजूला कधीच वळवायची नाही. नाहीतर टॉवरला, त्यांच्या खिडकीसमोर येईल असा, कोहळा बांधायचा. दृष्ट लागू नये म्हणून इकडे दारोदारी टांगतात तसा. दोन्ही नको असेल तर टॉवर उतरवायचा.

"माझ्या टॉवरला भाजी?" काका ताडकन उठले. "मी चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. तुम्ही मला भाजी बांधायला सांगता? पडोसी समझके चुप बैठा तो..."

मलाही राहवलं नाही. म्हटलं, "कोहळे आणि लिंबं आम्ही मागच्या पिढीतच गावाच्या वेशीवर सोडून आलो, सर. शिकलेल्या लोकांनी हे बोलावं याचं मला वाईट वाटतं."

"मॅडम," कुणीतरी मागून म्हणालं, "आप किरायेदार हैं ना?"

हसू पिकलं. मी रागाने खुर्ची मागे सारली. मला तीन भाचे आठवले. काका त्या माणसाकडे वळून म्हणाले, "वो मेरे घर में रहती. उसको बोलेगा तो मेरेकू बोला." पण सभेने ठरवायचं ते ठरवलं. काकांनी एकही मार्ग मानला नाही. महिनाअखेर टॉवर उतरवायचा.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. आता मी त्यांच्यावरच चिडले होते.

"काका, कोहळा नका बांधू, मी पण नसता बांधला. पण ती एक दिशा सोडा ना. अख्खं जग मोकळं आहे. जपान आहे, इटली आहे. एका कोपऱ्यासाठी टॉवर घालवता?"

"बाकीची दुनिया रामारावला देऊन टाक," ते म्हणाले. "मला तोच कोपरा हवा."

"भांडायला?"

"हौ. भांडायला."

"मग फोनवर भांडा."

"फोन त्याचा मुलगा उचलतो." काका यंत्राची बटणं उगाच पुसायला लागले. "म्हणतो, बाबूजी सो रहे हैं. सकाळी झोपलेले, दुपारी झोपलेले. मास्टरची बायको गेल्यापासून त्याला घरात कुणी बोलू देत नाही. लोक म्हणतात, फार बोलतो. त्याचा सेट छोटा, तार नारळाच्या झाडाला बांधलेली. माझं तोंड तिकडे असलं तरच तो ऐकू येतो. जरा वळलं की खरखर."

छतावर जातं फिरायला लागलं. डबीवरची सुई आग्नेयेला आली. मी उठायला हवं होतं, पण उठले नाही.

समुद्रावरचा तो बारीक आवाज आला. "बिलोलीकर, आपका टॉवर उतर रहा है, सुना मैंने. हवा में सबको पता है." मग तो म्हणाला, "तो आज हिसाब कर लेते हैं. मैं हार गया. दाल में इमली ही ठीक है. आप सही थे. अच्छा, तो फिर सेव्हन्टी..."

"खामोश!"

मी खुर्चीवरून उडालेच. काकांचं बोट बटणावर पांढरं पडलं होतं. पलीकडचा बोलत असताना मध्ये बोललं तर ऐकू जात नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तरी ते ओरडत होते. मग त्यांनी बटण सोडलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं.

"मास्टर, तुमने कुछ सुना के नै? इमली कौन बोला? मैं बोला? मैं तो पहले दिन से बोल रहा, इमली नक्को. तुमच बोलते थे इमली, इमली. अब पलट रहे?"

पलीकडे लाटांवर मास्टरांचा आवाज चढला. "झूठ. सरासर झूठ. मैं और इमली?"

"कल बताता तेरेकू," काका म्हणाले आणि खट्‌कन यंत्र बंद केलं.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय बघतेस? मिक्सर लावायचा असेल तर लाव आता."

सकाळी आई कपडे घेऊन गच्चीवर गेली आणि तशीच परत आली. "चल बघ की, तुझ्या काकांनी काय केलंय."

टॉवरला, रामारावांच्या खिडकीसमोर, मोठा पांढुरका कोहळा टांगलेला होता. काथ्याने नीट आवळून, हळद-कुंकू लावून. कमरेचा पट्टा सोडत काका शिडीच्या पायथ्याशी उभे होते. चेहरा रागाने लाल.

"काका, हे तुम्ही?"

"मग कोण? माझ्या टॉवरवर दुसऱ्याला चढू देईन मी?"

मला राग आला होता. त्यांचा नाही. त्यांना हे करायला लावणाऱ्यांचा. मी कोहळ्याकडे बघत राहिले. समोरच्या खिडकीत रामाराव आले, त्यांनी कोहळ्याला हात जोडले. काकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"बांधू नका असं मीच म्हणाले होते," मी म्हटलं.

"हौ. बरोबर बोलली होतीस तू." त्यांनी पट्टा खांद्यावर टाकला. "खरखर आहे सगळी. पण खरखरीतूनच सिग्नल काढावा लागतो."

त्या संध्याकाळी आईला मसाला वाटायचा होता. तिने मिक्सर परत कपाटात ठेवला आणि खलबत्ता काढला. छतावर जातं फिरलं. भिंतीपलीकडे काका ओरडायला लागले.

"मास्टर, तेरे वजह से मेरे टॉवर को कोहळा लटका. कोहळा! पेठा बनाते ना, वो."

मास्टर काय म्हणाले ते भिंतीतून नीट ऐकू आलं नाही. पण काकांचा आवाज लगेच चढला.

"नारियल? कोहळे में कायकू नारियल?"

आई कुटता कुटता थांबली आणि म्हणाली, "घे. आता हे पावसाळ्यापर्यंत चालतंय."