हिरव्या पाटीची वाट

माझा गुडघा दुखत होता, एवढंच खरं कारण. पुढे जे जे झालं त्याला चौकशी अहवालात बरीच नावं दिली आहेत ('हलगर्जी', 'दिशाभूल' आणि एका ठिकाणी चक्क 'अमानुष'), पण सगळ्याचं मूळ त्या गुडघ्यात आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही.

मी जंगल खात्याच्या कचेरीत मोठा कारकून आहे. मोठा म्हणजे वयाने. आमच्या जंगलात सायकलवाल्यांसाठी चार वाटा तयार झाल्या आणि त्यांना रंगीत पाट्या लावायचं ठरलं. नवशिक्यांसाठी हिरवी, थोडा सराव असलेल्यांसाठी निळी, पटाईत मंडळींसाठी लाल आणि जिवावर उदार झालेल्यांसाठी काळी.

"चारही वाटा स्वतः चालून बघा," साहेब म्हणाले, "आणि कुठल्या वाटेला कुठली पाटी ते लिहून द्या. रविवारी वाटा खुल्या करायच्यात."

चारही वाटा मिळून बावीस किलोमीटर! मी खुर्चीतून उठलो, गुडघ्याने 'कट्' असा आवाज केला, मी परत बसलो. मग नकाशा समोर घेतला आणि जेवणाच्या सुट्टीआधी चारही वाटा निकालात काढल्या. हिशेब सोपा होता. सगळ्यात छोटी वाट सव्वादोन किलोमीटरची, म्हणजे सोपी. सगळ्यात लांब अकराची, म्हणजे अवघड. शिवाय त्या छोट्या वाटेभोवती नकाशावर बारीक बारीक रेषा इतक्या दाट काढल्या होत्या की मला वाटलं, वा, झाडी चांगली आहे, नवशिक्यांना सावली मिळेल. खाली 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहून सही ठोकली. पेंटरने पाट्या रंगवल्या, शनिवारी लागल्यासुद्धा.

शनिवारी संध्याकाळी बायकोने सायकलला तेल घालता घालता विचारलं, "कुठल्या वाटेने जाऊ हो मी?"

हिने चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकायला घेतली. दोन महिने इमारतीच्या पार्किंगमध्ये मी सीट धरून मागे पळत होतो (गुडघा तिथेच गेला). "मुलीची शाळा झाली, तुमच्या आईंचं दुखणं झालं," ती म्हणायची, "आता एकदा तरी मला एकटीला जंगलातून जायचंय." नवऱ्यानेच पाट्या लावलेलं जंगल! माझी छाती फुगली.

"हिरवी," मी म्हणालो. "अगदी डोळे झाकून जा."

रविवारी मी उठलो तेव्हा ती गेलेली होती. मी निवांत चहा घेतला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नऊच्या सुमाराला जंगलाच्या फाटकाशी पोचलो. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला गेलो होतो. फाटकाशी झाडाखाली पंक्चरवाला बसला होता, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून.

"काय म्हणते गर्दी?" मी विचारलं.

"गर्दी कसली, पाच-सहा जण गेलेत. पण भाऊसाहेब, ती हिरवी पाटी कुठल्या गाढवाने लावली हो?"

"का? काय झालं?" (गाढव कोण, हे सांगायची मला घाई नव्हती.)

"अहो, कड्याची वाट आहे ती! दहा वर्षं या जंगलात सायकल चालवतोय मी, तिथे मीसुद्धा सायकल खांद्यावर घेऊन उतरतो." तो उठला आणि फाटकावर लावलेल्या नकाशावर त्याने तेलकट बोट ठेवलं. "या रेषा बघा. जितक्या जवळ जवळ, तितका उतार उभा. इथे तर एकमेकींच्या डोक्यावर बसल्यात!"

"म्हणजे ती सावली नाही?"

त्याने माझ्याकडे फाटलेल्या ट्यूबकडे बघावं तसं बघितलं.

"हिरवीवरून कुणी गेलंय का?" मी विचारलं.

"मी सातला आलो, त्याआधीचं माहीत नाही. पण टायरचा ताजा माग आहे बघा. आत गेलेला. परत आलेला नाही."

मी फोन लावला. क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत बाहेर. पंक्चरवाल्याने माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता दोर उचलला. "चारही वाटा खाली ओढ्याशीच निघतात. मी रस्त्याने मोपेडवरून खाली जातो आणि तिथून वर चढतो," तो म्हणाला. "तुम्ही वरून बघत या. आणि जपून, भाऊसाहेब!"

पहिली शंभर पावलं वाट इतकी छान होती की मला वाटलं, हा पंक्चरवाला उगाच राईचा पर्वत करतोय. मग वाट संपली. म्हणजे होती, पण माझ्या बुटांच्या सरळ खाली होती. टायरचा माग त्या कडेपर्यंत गेला होता, तिथे मातीत हातभर घसरला होता, आणि पुढे मागच नव्हता. पुढे फक्त हवा होती.

मी खाली बसलो आणि बसूनच उतरायला लागलो. पँट फाटली, कोपर सोललं, त्याचं काही वाटेना. "अगं! ऐकतेस का?" मी ओरडलो. एकोणीस वर्षांत ही हाक मी हजारो वेळा मारली असेल. टॉवेलसाठी, चष्म्यासाठी, हातातच असलेल्या किल्लीसाठी. दर वेळी आतून "आता काय?" एवढं तरी यायचंच. आज काही आलं नाही. देवा, ती सापडू दे, मी मनात म्हणालो, टॉवेल मी स्वतः घेईन.

आणखी थोडं खाली एका झाडाच्या फांदीत सायकल अडकलेली दिसली. निळी. हिची निळीच. मला रडू फुटलं, अगदी आवाज काढून. तेवढ्यात खालच्या काटेरी झुडपातून कण्हण्याचा आवाज आला.

"अगं, आले आले, म्हणजे आलो!" माझी जीभसुद्धा वळेना. "केवढा घसा बसलाय तुझा!"

"कोण आहे?" झुडूप म्हणालं. "मी साहेब!"

ते खरोखरच आमचे साहेब होते. डोकं खाली, एक पाय वर, आणि शर्टाला जागोजागी काटे. सगळ्यांच्या आधी गुपचूप एक फेरी मारावी म्हणून ते सव्वासहालाच आले होते, आणि सायकल फारशी येत नसल्यामुळे त्यांनी हिरवी निवडली होती.

"तुम्ही मला शोधत आलात!" साहेब उलट्या डोक्यानेच हात जोडत म्हणाले. "खात्यात एक तरी माणूस असा आहे!"

नुसती मान डोलावली असती तरी बढती पक्की होती. पण माझ्याने राहवेना. "नाही साहेब, मी बायकोला शोधतोय. ती याच वाटेने आलीय. मीच सांगितलं होतं. आणि वाट न बघताच हिरवी केलीय मी."

झुडूप जोरात हललं.

"न बघता?"

"न बघता."

"मी तीन तास इथे आहे," साहेब दात आवळून म्हणाले. "माझ्या मागून वरून कुणीही आलेलं नाही."

म्हणजे ती वरच, कुठेतरी मध्येच पडली! वरच्या वळणापाशी डावीकडे एक खोल घळ मी येताना बघितली होती. मी तसाच वळलो आणि हातापायांनी वर चढायला लागलो.

"अहो, मला आधी काढा!"

"साहेब, तुम्ही ओरडताय म्हणजे बरे आहात!" मी म्हणालो. नोकरीत साहेबांकडे पाठ फिरवण्याची ती माझी पहिलीच वेळ.

घळीत मी वाकून बघितलं, ओरडून ओरडून घसा फाडला. खाली पाचोळा, बाकी काही नाही. आणखी वाकलो. आणि गुडघ्याने बरोबर तीच वेळ साधून 'कट्' केलं.

मी निघालो. आधी पाठीवर, मग पोटावर, मग कशावर ते सांगता येणार नाही. वाटेत साहेब परत भेटले. "अहो, थांबा!" ते ओरडले. थांबणं माझ्या हातात असतं तर मी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतो. उरलेली हिरवी वाट मी अशी पार केली आणि थेट ओढ्याच्या चिखलात पोचलो. डोळे उघडले तर समोर पंक्चरवाला, दोर हातात घेऊन आ वासून उभा. त्याच्या शेजारी सायकल. सायकलवर बसून, एक पाय जमिनीला टेकवून, हेल्मेट घालून, केळं खात असलेली माझी बायको.

"अगं बाई!" तिच्या हातातलं केळं पडलं. "हे काय करून घेतलंत? कुठे लागलं? बोला ना!"

मी तिचा हात धरला आणि सोडेचना. चारचौघांत कधी धरला नव्हता. माझे डोळे वाहत होते, तिचेही भरले होते.

"तू... हिरवीवरून... कशी..."

"वेड लागलंय का मला? मी काळीवरून आले. काय सुंदर वाट आहे हो! डोंगराला वळसा घालत सगळी सावकाश उतरती. दोनदा बसून पाणी प्यायले, पाखरं बघितली. कुठे एकदाही पाय टेकावा लागला नाही."

"पण काळी? पाटीवर 'जिवाला धोका' लिहिलंय!"

"पाटी कुणी लिहिली? तुम्हीच ना?" तिने पदराने माझ्या तोंडावरचा चिखल पुसला. "पाच मिनिटांचं काम म्हणून खिळा ठोकलात, तो शेजाऱ्यांच्या कपाटात निघाला. जवळचा रस्ता म्हणून नेलंत, तर माझ्या बहिणीच्या लग्नात मंडप सोडायला पोचलो. ही भाडेकरू मंडळी शांत आहेत म्हणालात, ते ढोल शिकवतात! तुम्ही हिरवीवरून डोळे झाकून जा म्हणालात, मी तेव्हाच काळी पक्की केली."

पंक्चरवाला इतका हसला की दोर पाण्यात पडला. वर कड्यावरच्या झुडपातून आवाज आला, "बाई, हे मला काल का नाही सांगितलंत?"

साहेबांना काढायला दीड तास लागला. माझी नोकरी राहिली, पगारवाढ गेली. पण एक सांगतो, घरात माझ्या मताला आताइतकी किंमत कधीच नव्हती. मुलीचं कॉलेज असो, डॉक्टर असो, पडद्यांचं कापड असो, बायको आधी मला विचारते, शेवटपर्यंत ऐकून घेते, वर "नक्की ना?" असंही विचारते. परवा तर साहेबांनी खास केबिनमध्ये बोलावलं. ओढ्यावर पूल बांधायचाय, दोन नकाशे टेबलावर मांडलेले. "तुम्हाला कुठला योग्य वाटतो?" त्यांनी अगदी आदराने विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, पहिला. साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला, मनापासून आभार मानले आणि माझ्यासमोरच दुसऱ्यावर सही केली.