देवरे सरांची मधली सुट्टी

मंगळवारी दुपारी देवरे सर गेले. साडेतीन वाजले होते. ते सोसायटीच्या पार्किंगमधल्या बाकावर बसले होते आणि मांडीवर डबा उघडलेला होता.

"मधुमेहाचा पेशंट. साडेतीनला का जेवत होते?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"ती त्यांची मधली सुट्टी होती," मी म्हणालो. डॉक्टर कागद भरू लागले. अशा वेळी माणसं काहीही बोलतात, असं त्यांना वाटलं असावं.

सर नाशिक रोडच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. मूळचे कळवणकडचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. पाण्याचा टँकर आला की ती वाजायची आणि अख्खी सोसायटी बादल्या घेऊन मुकाट रांगेत उभी राहायची. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमची दारं समोरासमोर. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "काय ग्रंथपाल, आज आवाज नाही तुमचा," असं रोज म्हणायचे. माझा आवाज कुठल्याच दिवशी नसायचा.

शाळा वर्गात कळत नाही, मधल्या सुट्टीत कळते, असं त्यांचं ठाम मत होतं. ओळखीतल्या कुणाला मूल शाळेत घालायचं असलं की सर त्या शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन उभे राहत आणि पोरं डबे कशी खातात ते बघत. एकदा वॉचमननं हटकलं, तर त्यालाच म्हणाले, "तो कोपऱ्यातला पोरगा एकटा बसलाय. तुम्ही इथं काय करताय?" फी, निकाल, इमारत, सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला. "बाकी सगळं ठीक शे. मधली सुट्टी कशी शे?" एरवी चोख बोलणाऱ्या सरांच्या तोंडी घरची बोली तेवढ्यापुरती यायची. वैशालीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, स्थळ बघायला गेले तेव्हा जावयालाही विचारलं होतं, "ऑफिसात जेवता कसे?" तो गांगरून म्हणाला, "कँटीनमध्ये." "कुठं नाही विचारलं. कुणाबरोबर?"

त्याच जावयाला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली. नात ओवी तेव्हा चौथीत होती. पोर अबोल. इथल्या शाळेतसुद्धा मैत्रीण गैरहजर असली की डबा तसाच परत आणायची. तिकडच्या शाळा ठरवायला घरात बैठक बसली आणि शांतता राखण्यासाठी मला बोलावण्यात आलं. एका शाळेचा अभ्यासक्रम ब्रिटिश होता, तर दुसरीचा आंतरराष्ट्रीय बोर्डाचा, प्रकल्पांवर भर देणारा. जावयानं लॅपटॉपवर दोन्हींची तुलना मांडली होती. सर इस्त्रीचा शर्ट घालून, शिट्टीसह, व्हिडिओ कॉलला बसले.

पहिल्या शाळेच्या बाई मुलांच्या सर्वांगीण विकासावर बोलल्या. सरांनी ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "मॅडम, न्यू गर्ल, रिसेसमध्ये, सिटिंग विथ हूम?" बाईंनी जलतरण तलाव दाखवला.

दुसऱ्या शाळेच्या बाईंनी मात्र प्रश्न लिहून घेतला. बघून सांगते, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं की सुरुवातीचे काही आठवडे नव्या मुलीजवळ त्या स्वतः बसतील.

"झालं. हीच शाळा," सर म्हणाले.

"बाबा, दोन-तीन वर्षांत परत यायची वेळ आली तर?" वैशाली म्हणाली. "पहिल्या शाळेचा अभ्यासक्रम इथं जुळतो. हिचा नाही जुळणार. ओवीचं वर्ष वाया जाईल."

"अभ्यास मागं पडला तर हे ग्रंथपाल आहेत. डबा परत आला तर तिथं कोण आहे?"

वैशालीचं चुकत नव्हतं. मीही हळू आवाजात तिच्याच बाजूनं बोललो. पहिली शाळा ठरली. त्यानंतर दोन दिवस टँकरची शिट्टी वाजली नाही.

ते लोक ऑगस्टमध्ये गेले आणि सरांचं जेवण साडेतीनला गेलं. पत्नी वारल्यापासून सर ओट्याजवळ उभ्यानंच चार घास खायचे, हे मी उघड्या दारातून पाहिलं होतं. आता ते खाली बाकावर बसून, नॅपकिन पसरून, डबा उघडायला लागले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "हवा चांगली असते." खाली स्कूटरींचा धूर असायचा.

दिवाळीनंतर एके दिवशी ते साडेतीनला वरच दिसले. साडेचारला डबा घेऊन खाली उतरले, चेहरा उतरलेला. मी पाठोपाठ गेलो.

"तिकडं थंडीत घड्याळ तासभर मागं घेतात म्हणे," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलंच नाही. किती दिवस मी पोरीच्या आधीच जेवून उठलो, ग्रंथपाल. ती डबा उघडायची तेव्हा इथं बाकावर कुणी नव्हतं."

मग सगळं सांगितलं. निघताना त्यांनी ओवीला शब्द दिला होता, तू डबा उघडशील तेव्हा मीही उघडीन, म्हणजे तू एकटी नाहीस. तिकडचे बारा म्हणजे इथले साडेतीन, थंडीत साडेचार. शाळेत फोन चालत नव्हता. तपासणार कुणीच नव्हतं.

"पोरीला सांगू नका," ते म्हणाले आणि झाकण काढलं. मेथीची भाजी होती. त्या दिवसापासून मी कधीकधी शेजारी बसू लागलो. उन्हाळ्याच्या तोंडावर घड्याळ पुन्हा पुढे गेलं, तेव्हा ते आठवडाभर आधीपासून तयारीत होते.

सर गेल्यावर वैशाली आणि ओवी आल्या. चौथ्या दिवशी ओवी एकटीच बाकावर बसलेली दिसली. मी जवळ जाऊन बसलो. सरांना ती आबा म्हणायची आणि मला आजोबा. ती म्हणाली, "आजोबा, मला तिकडे दिवाळीच्या आधीच मैत्रीण मिळाली. आम्ही रोज एकत्र खातो."

"आबांना सांगितलं होतंस?"

तिनं मान हलवली. "नाही."

"का गं?"

"सांगितलं असतं तर त्यांनी डबा बंद केला असता. मग ते कुणाबरोबर जेवले असते?"

स्कूटरी येत-जात होत्या.

त्या दोघी परत गेल्या. ओवीची शाळा सुरू आहे. शिट्टी तिनं नेली. डबा माझ्याकडे आहे.