फरकाची खुर्ची

ठरलेल्या शेवया आणि झालेल्या शेवया यांच्यातला फरक दर महिन्याच्या एक तारखेला शंकरअण्णांच्या कारखान्यात येऊन बसत असे. त्याच्यासाठी हजेरीवही होती, चहा होता, आणि अंगानं तो वाढतच चालल्यामुळे सुताराकडून मुद्दाम करवून घेतलेली रुंद खुर्ची होती. मॅनेजर देसाई त्याला चार पानी खुलासा वाचून दाखवत. तो मान डोलवत ऐकून घेई आणि संध्याकाळी निघून जाई. कारखान्यात याला नियंत्रण म्हणत.

एप्रिलात त्याला आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली. अण्णांनी सांगून टाकलं, की पुढच्या खेपेला चौकट काढायची वेळ आली तर तीन नंबरचं मशीन बंद, आणि त्यावरच्या सातही बायका घरी.

त्या बायकांची मुकादम मंदाकिनी पोवार. तिचं डोकं ठिकाणावर होतं. हा फरक महिनाभर राहतो कुठे, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मशीनखाली वाकून पाहिलं. तिथं तो लिंबाएवढा होऊन बसला होता.

"कवा आलास?"

"सकाळी नऊला. जाळीची दोन भोकं बुजल्यात."

तिनं दाभणानं भोकं मोकळी केली. फरक वाटाण्याएवढा झाला. मग ती रोज चहाआधी त्याला शोधू लागली. कधी तो पिठाच्या डब्यात सापडे आणि पीठ ओलं असल्याचं सांगे, कधी वाळवणाच्या काठीवर. तो सांगेल ते ती लगेच करी. वीस तारखेला तो कुरकुरला.

"रोज असं इचारलंस तर मी मोठा कवा होणार?"

"होऊ नगंस," मंदाकिनी म्हणाली.

एक तारखेला खुर्ची रिकामी. देसाई खुलासा धरून उभे, चहावर साय धरलेली. बाराच्या सुमारास कुलपाच्या भोकातून तिळाएवढा फरक आत आला आणि हजेरीवहीत ठिपका देऊन खुर्चीत बसला. अण्णांनी चष्मा लावला आणि काही म्हणणं आहे का, असं अदबीनं विचारलं. त्याचं काही म्हणणं नव्हतं.

अण्णांनी मंदाकिनीसकट सातही जणींना आत बोलावून चहा मागवला. फरक उठून खिडकीत गेला. त्या खुर्चीत सगळ्या एकदम मावल्या, कडेला मंदाकिनीलाही जागा झाली. पण टेकण्याआधी तिनं खिडकीत पाहिलं. फरक होता तेवढाच होता.