ज्याचं नाव त्याचं भांडं

हिल्डाबाईंच्या ओट्यावर त्या सकाळी इतकी परकी भांडी साचली होती, की चहाचं आधण ठेवायलाही जागा उरली नव्हती. स्टीलचे डबे, वाट्या, ताटं, जोडीदार हरवलेली झाकणं आणि कडी तुटलेलं एक पातेलं. यातलं एकही त्यांचं स्वतःचं नव्हतं.

नॉर्वेतल्या मिशनने हिल्डाबाईंना मेडशीला पाठवलं होतं ते बायकांना शिवण शिकवायला आणि अडल्यानडल्याला मदत करायला. थोडक्यात, द्यायला. प्रत्यक्षात घडलं होतं उलटंच. शिवणवर्गाला येणारी प्रत्येक बाई पदराखाली काहीतरी झाकून आणायची. कोणी ज्वारीची भाकर आणि ठेचा, कोणी वरण-फळं, कोणी नुसतंच लोणचं. 'एकटी बाई, इतक्या दुरून आलेली, काय खात असीन बिचारी' ही चिंता सगळ्या गावाला लागली होती. ओस्लोहून दर महिन्याला वरिष्ठांचा फोन यायचा आणि ते विचारायचे, "या महिन्यात लोकांना काय दिलंत?" हिल्डाबाई शिवणवर्गाचे आकडे सांगून वेळ मारून न्यायच्या. खरं उत्तर द्यायचं तर 'विशेष काही नाही, पण माझं वजन वाढलं' असं द्यावं लागलं असतं.

त्या देवमनच्या घरात पुढच्या खोलीत भाड्याने राहायच्या. देवमनची बायको पंचफुलाबाई. तिने पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवून ठेवला होता. "मॅडम, कोनाचं भांडं रिकामं वापस करू नका. काही नसलं तं चिमूटभर साखर टाका, पन रिकामं नको." हिल्डाबाईंना हा नियम इतका आवडला, की त्यांनी तो दहा आज्ञांच्या खाली अकरावा म्हणून मनात लिहून घेतला. त्या आपल्या आईच्या पद्धतीने वेलची घालून गोल पाव करायच्या आणि प्रत्येक भांड्यातून परत पाठवायच्या. तिकडे भट्टीत फुलणारे ते पाव इकडे कुकरमध्ये फार मन घट्ट करून बसायचे. "चहात भिजू देल्ला का जमते," असा देवमनचा अभिप्राय होता. किती वेळ भिजू द्यायचा, हे मात्र तो सांगत नसे.

पाव तयार होते. अडचण एवढीच होती, की कुठलं भांडं कोणाचं हे हिल्डाबाई साफ विसरल्या होत्या. स्टीलचे डबे सगळे सारखे दिसतात आणि सुरुवातीला तर त्यांना गावातल्या बायकाही सारख्याच दिसायच्या. डोकं खाजवत त्यांनी एक डबा उपडा केला आणि त्यांचे डोळे चमकले. तळाशी ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरली होती. पंचफुलाबाईच्या मुलीने, धम्मदीपाने, थंडीभर बसून त्यांना बाराखडी शिकवली होती. बोट फिरवत त्यांनी वाचलं, "सौ. कौ-ति-का." दुसरं भांडं उचललं, त्यावर दुसरं नाव. तिसऱ्यावर तिसरं!

हिल्डाबाईंना अगदी घरच्यासारखं वाटलं. नॉर्वेत त्यांच्या गावच्या बालवाडीत दाराशी मुलांच्या बुटांचा ढीग असायचा आणि प्रत्येक बुटात आतून मुलाचं नाव असायचं. ज्याचं नाव त्याचा बूट. जग सगळीकडे सारखंच आहे, असं म्हणत त्यांनी नावाप्रमाणे भांडी लावली, पाव भरले आणि वैशाखाच्या उन्हात टोपी घालून निघाल्या.

कौतिकाबाई म्हणजे देवमनची थोरली बहीण, पंचफुलाबाईची नणंद. गावातच पलीकडच्या आळीत दिलेली. येत्या रविवारी धम्मदीपाचं लग्न होतं ते कौतिकाबाईच्याच पुतण्याशी, शेलूबाजारच्या मुलाशी. सोयरीक त्यांनीच जुळवली होती आणि लग्नाच्या मुगवड्या त्या स्वतःच्या अंगणात खाटेवर घालत होत्या.

"जयभीम मॅडम! या, सावलीत या."

"जयभीम. आपले भांडे आपल्यास परत करण्यास मी आलेली आहे," हिल्डाबाई म्हणाल्या. त्यांचं मराठी रोमन लिपीतल्या पुस्तकातून आलेलं असल्याने नेहमी इस्त्री केलेलं असे.

कौतिकाबाईंनी डबा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, नाव पाहिलं. "हा कोनं देल्ला तुमाले?"

"बहुधा पंचफुलाताईंच्या घरून आला असावा. परंतु नाव आपले आहे. म्हणून आता आपला आपल्याकडे."

कौतिकाबाईंचा वडीने भरलेला हात तसाच राहिला. हा डबा त्यांनी भावाच्या लग्नात आहेर दिला होता. नवऱ्याची पहिली मजुरी घालून घेतलेला, वाशिमच्या बाजारातून. "आहेर वापस पाठोला?" त्या हळूच म्हणाल्या आणि मग आवाज चढला. "लेकीचं लगन चार दिसावर आलं, अन् भावजयीनं माहा आहेर वापस पाठोला! तोबी मॅडमच्या हातून!"

हिल्डाबाईंना या भराभर बोलण्यातलं 'वापस' आणि 'मॅडम' एवढंच कळलं. त्यांनी हसून मान डोलावली.

कौतिकाबाई तरातरा आत गेल्या आणि पाण्याची एक गुंडी घेऊन आल्या. तिच्या गळ्याभोवती 'सौ. पंचफुला' असं कोरलेलं होतं. "माह्या पिंकीच्या लग्नात तिनं देल्ली होती. न्या. द्या तिले. मले बी नाव वाचता येते म्हना."

आणखी एक हरवलेलं भांडं सापडलं! हिल्डाबाई मोठ्या आनंदाने परतल्या, नियमाप्रमाणे गुंडी धुतली, तोंडातून जातील तेवढे पाव तिच्यात टाकले आणि पंचफुलाबाईच्या हातात दिली. पंचफुलाबाईने नाव पाहिलं आणि गुंडी उराशी धरली. "ननंदबाईनं माही गुंडी वापस केली? मी काय केलं वं त्याहिचं? आता वरात तरी येते का नाही?"

तिकडे उरलेली भांडीही आपापल्या नावांकडे पोचली होती. एका ताटावर माजी सरपंच रामराव यांचं नाव होतं. मागच्या निवडणुकीआधी त्यांनी हळदीकुंकवाच्या निमित्ताने आळीभर वाटलेल्या ताटांपैकी ते एक. हिल्डाबाईंनी ते पावासकट त्यांच्या दारात नेऊन दिलं, तेव्हा रामरावांचा चेहरा पडला. लोक ताटं परत करू लागले म्हणजे वारं फिरलं, हे त्यांच्या मुरलेल्या डोक्याने ताबडतोब ओळखलं. त्याच दुपारी ते आळीतल्या घराघरात जाऊन "काही अडचन तं नाही नं?" असं विचारत फिरले आणि वर्षभर बंद असलेला खांबावरचा दिवा संध्याकाळच्या आत लागला.

पण दिव्याच्या त्या उजेडात देवमनच्या घरी सुतकी शांतता होती. शेवटी धम्मदीपाच हिल्डाबाईंच्या खोलीत आली. तिचे डोळे सुजले होते.

"मॅडम, भांड्यावर नाव ज्याचं, भांडं त्याचं नसते. नाव ज्यानं आहेर देल्ला त्याचं असते."

"देणाऱ्याचे?" हिल्डाबाई उभ्याच राहिल्या. "तुमच्याकडे भेट देणारा भेटीवर स्वतःचे नाव कोरतो?"

"मंग! नाही तं कोनं काय देल्लं, आठवन कशी राहीन?"

"आणि भेट परत केली तर?"

"तं नातं तुटलं."

हिल्डाबाईंना दरदरून घाम फुटला आणि या वेळी तो वैशाखाचा नव्हता. ज्या घराने त्यांना आसरा दिला, त्याच घरातलं लग्न त्यांनी मोडायला घेतलं होतं. एवढ्या लांब येऊन, पोटभर खाऊन, हे दिलं आपण गावाला! त्या टोपीसुद्धा न घालता कौतिकाबाईंच्या घरी धावल्या.

"चूक माझी आहे! पंचफुलाताईंनी काही परत पाठवलेले नाही. मी वाचले आणि मी आणले!"

कौतिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमची काही चूक नाही, मॅडम. तुमी परक्या मुलकातल्या. पन गुंडी वापस आली तं तिनं कसं मानलं, का मी बिनाकारन नातं तोडीन? इतक्या वर्षांत तिनं मले ओयखलंच नाही?"

हिल्डाबाई पळत पंचफुलाबाईकडे आल्या. पंचफुलाबाई म्हणाली, "तुमची चूक नाही, मॅडम. पन बाईनं कसं मानलं, का मी डबा वापस करीन? मले ओयखलंच नाही त्याहिनं!"

गैरसमज दोघींनाही मान्य होता. फक्त दुसरीने तो करून घेतलाच कसा, यावर दोघी अडून बसल्या होत्या. हिल्डाबाईंनी या आळीतून त्या आळीत किती चकरा मारल्या, याला गणती नव्हती. देवमनने मध्ये पडून पाहिलं, तर बहिणीने त्याला 'बायकोचा वकील' आणि बायकोने 'बहिनीचा हस्तक' ठरवून टाकलं. तो बिचारा ओसरीवर जाऊन पाव भिजवत बसला.

दुसऱ्या दिवशी हिल्डाबाई पुन्हा कौतिकाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा बाई फणकाऱ्याने म्हणाल्या, "मले काही बोलायचं नाही. तो डबा तेवढा घेऊन जा. तिचा हाय, तिच्या घरी राहू द्या." त्या आत गेल्या, बराच वेळ भांड्यांची आदळआपट ऐकू आली आणि डबा हिल्डाबाईंच्या हातात पडला. चांगलाच जड होता. दुसऱ्याचा डबा उघडून पाहणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो तसाच पंचफुलाबाईपुढे नेऊन ठेवला.

पंचफुलाबाईने तोंड फिरवलं. मग ठेवताना झालेला आवाज भरल्या डब्याचा होता, हे लक्षात येऊन तिने परत मान वळवली आणि झाकण काढलं. आत काठोकाठ मुगवड्या होत्या. नीट वाळवलेल्या, एकसारख्या, निवडून भरलेल्या.

पंचफुलाबाईने एक वडी उचलून पाहिली. "पाहा वं बाई! इतका राग आला होता तं रिकामा आपटायचा नं डबा! भरून कायले पाठोला?" असं म्हणत तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराने नाकही पुसलं. "माह्या सासूनंच शिकोलं आमाले दोघीले. रिकामं भांडं पाठवू नका."

"रागातसुद्धा?" हिल्डाबाईंनी विचारलं.

"राग येते नं, मॅडम. सवय थोडी जाते." तिने गुंडी उचलली, आत अडकलेले पाव खाली पाडले, तिच्यात शेवया भरल्या आणि चपला पायात सरकवल्या. "राहू द्या, मीच नेऊन देईन. तुमच्या हातून पाठोलं तं अजून काही होईन."

रविवारी लग्न झालं. कौतिकाबाई आत्या म्हणून आणि वरपक्ष म्हणून, दोन्हीकडून पुढे बसल्या आणि वरणात मीठ कमी आहे असं त्यांनी दोन्हीकडून सांगितलं. हिल्डाबाईंनी खास तालुक्याच्या गावी, वाशिमकडच्या मालेगावला एसटीने जाऊन आहेरासाठी सुरेख डबा आणला होता. या वेळी चूक नको म्हणून दुकानदाराला तीनतीनदा बजावून देणाऱ्याचं, म्हणजे स्वतःचं, नाव त्यावर कोरून घेतलं होतं. 'हिल्डा' ही दोन अक्षरं बघताना त्यांना उगीचच भरून आलं. या गावात आपलंही नाव आता कोणाच्या तरी स्वयंपाकघरात राहील, असं त्यांना वाटलं.

थोड्याच दिवसांत धम्मदीपा पहिल्यांदा माहेरी आली. हिल्डाबाई मशीनवर बसल्या होत्या. दारात ती उभी, मागे पंचफुलाबाई, तिच्यामागे कौतिकाबाई. धम्मदीपाच्या हातात तोच डबा होता आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"आपले भांडे आपल्यास परत करण्यास मी आलेली आहे," ती म्हणाली.

हिल्डाबाईंच्या मशीनचं चाक थांबलं. डब्यावरची दोन अक्षरं त्यांच्याकडेच बघत होती. आपण काय केलं? कुठे चुकलं? त्या दिवशी अंगणात कौतिकाबाईंचा हात असाच राहिला होता, हे त्यांना आठवलं आणि ते काय असतं हे आत्ता पहिल्यांदा कळलं.

"घ्या नं, मॅडम," मागून कौतिकाबाई म्हणाल्या. "नाव तुमचं हाय, मंग भांडं तुमचंच. तुमचाच कायदा!"

आणि तिघींना एकदम हसू फुटलं. धम्मदीपाने हसत हसत डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. तो जड होता. झाकण काढलं, तर आत शेलूबाजारच्या घरचे रव्याचे लाडू. हिल्डाबाई रडत होत्या की हसत होत्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अवं, रडून काय राह्यल्या? खा," पंचफुलाबाई म्हणाली. "अन् डबा वापस पाहिजे बरं का. पोरीचा आहेर हाय तो."

तेवढ्यात ओस्लोचा फोन आला. या महिन्यात लोकांना काय दिलंत, असं वरिष्ठांनी विचारलं. "एक डबा," तोंडातला लाडू सावरत हिल्डाबाई म्हणाल्या, "पण तो माझ्याकडेच आहे. भरलेला. नंतर बोलते, मला आता मैदा मळायचा आहे."

ओसरीवर देवमनने हे नॉर्वेजियन बोलणं ऐकलं. भाषा त्याला कळत नव्हती, पण पिठाच्या डब्याचा आवाज कळला. तो मुकाट्याने उठला आणि त्याने चहाचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं.