अक्काचं बेअरिंग

चाळीसच्या वर गेलं की येणारा घूंऽऽ आवाज गाडीच्या चाकाचा नसून माझ्या थोरल्या बहिणीचा होता, हे अल्ताफ मिस्त्रीनं मंगळवारी दुपारी सिद्ध केलं.

त्याआधी तीन महिने मी डोकं आपटून घेत होतो. टायर बदलले, अलाइनमेंट केली, मागची चाकं पुढं आणि डावी उजवीकडं लावून पाहिली. आवाज आपला मागच्या डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेला! शेवटी अल्ताफनं गाडी जॅकवर चढवून चारही चाकं हातानं फिरवली. एकही बोललं नाही.

"साहेब, इथं बसतं कोण?"

"आमची सोनाक्का."

"चाकं हलवून झाली. आता त्यांना हलवू."

अक्काला पुढं बसवलं, आवाज पुढं आला. वळणावर ती डावीकडं झुकली की वाढायचा, उजवीकडं झुकली की कमी व्हायचा. तिला चहाच्या टपरीवर उतरवून ऐंशीनं चक्कर मारली. गाडी मुकी.

अल्ताफनं जॉब कार्ड काढलं आणि गाडी नंबरच्या जागी अक्काचा आधार नंबर लिहिला.

"डावं बेअरिंग. अठ्ठावन्नचं मॉडेल ना? पार्ट येत नाहीत आता. चाळीसच्या आत चालवा, काही होत नाही."

"काही होत नाही काय? रविवारी आटपाडीला पोरीचा साखरपुडा आहे!"

"मग आटपाडीला चाळीसच्या आत जावा की."

ह्याला सांगायला काय जातंय! मुलाकडचे सोलापूरचे, भारी चिकित्सक. कराडहून एवढ्या हळू का आलात, असं कुणीतरी विचारणारच. घरात बेअरिंग जातं म्हटल्यावर उद्या केतकीचंही जाईल, असं म्हणून सोयरीक मोडायला किती वेळ लागतो?

रविवारी सकाळी अक्का हिरवी इरकल नेसून तयार होती. मी तिला सांगितलं, तू राहा. केतकी दोन वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून अक्कानंच तिला वाढवलं. सांगताना मी तिच्याकडं न बघता गाडीची काच पुसत होतो, खोटं कशाला बोलू.

"जा बाबा. मी फोटो बघीन," अक्का म्हणाली.

विट्यापर्यंत गाडी सत्तरनं आली. केतकी खिडकीबाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "बाबा, आवाज येत नाहीये."

"तेच बरं आहे."

"नाही बरं. गाडी वळवा."

"अगं, बाराचा मुहूर्त आहे!"

"आत्या नसेल तर मीही नाही."

वळवली. करतो काय? अक्का तीच इरकल नेसून पायरीवर बसली होती. उठली आणि मागं डावीकडं बसली. तिथून आटपाडीपर्यंत अडतीस. मागं ट्रकची रांग लागली, हॉर्न वाजवून वाजवून त्यांनी माझं डोकं उठवलं. एकानं तर शेजारून जाताना माझ्या खानदानाचा उद्धार केला. कार्यालयात पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. मुहूर्त गेला होता, आणि माझ्या तोंडचं पाणीही.

मुलाकडचं कुणीच आलेलं नव्हतं.

पंधरा मिनिटांनी सोलापूरच्या बाजूनं हॉर्न ऐकू आले. बारा-तेरा ट्रक, आणि त्यांच्यापुढं मुंगीच्या पावलानं येणारी एक पांढरी गाडी. मुलाचे वडील घामाघूम होऊन उतरले.

"माफ करा. आमच्या तात्यांना घरी ठेवून निघालो होतो, पण पोरगा ऐकेना. परत जाऊन आणावं लागलं. त्यांना जास्त वेगानं नेता येत नाही, म्हणजे त्यांचं जरा..."

"कुठलं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग अक्काकडं.

"मागचं उजवं," ते हळूच म्हणाले.

भटजींनी साडेतीनचा मुहूर्त काढून दिला. तात्यांना आणि अक्काला पहिल्या रांगेत शेजारी-शेजारी बसवलं. अंगठ्या घालून झाल्यावर अक्का त्यांच्याकडं वळली.

"तुमचं कितीला सुरू होतं?"

"पस्तीसला."

"माझं चाळीसला," अक्का म्हणाली आणि पदर सारखा केला.