बन्सीचा सेफ्टी खोडा

बादशाच्या पुढच्या खुरात खिळा घुसला, तेव्हा बन्सीनं ठरवलं, काही झालं तरी या खेपेला बैलाला दोर टाकून पाडायचं नाही. मागं एकदा पाडला होता, तेव्हा बैल आपटला आणि बन्सी गोठ्यामागं जाऊन रडला होता. (बायकोला, ललिताला, त्यानं डोळ्यात भुसा गेल्याचं सांगितलं.)

त्यात बन्सी कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर. त्यानं कवठ्याच्या वेल्डरकडून लोखंडी पाइपांचा खोडा करून घेतला. बैल आत घ्यायचा, मागं आडवी दांडी सरकवायची, की जनावर जागचं हलत नाही. पुढचं दार मात्र खास बन्सीच्या डोक्यातलं होतं. ते आतल्या बाजूला उघडायचं, म्हणजे बैलानं कितीही धडक दिली तरी बाहेर पडायला नको.

डॉक्टर आले. बादशा खोड्याच्या तोंडाशी पाय रोवून उभा. ओढून येईना, हाकलून जाईना.

"भितोय त्यो," बन्सी म्हणाला. "मी म्होरं जातो. माझ्या मागं बराबर येतोय बघा."

पँटच्या मागच्या खिशात गुळाचा खडा टाकून तो आत शिरला. बादशाही लंगडत मागोमाग शिरला. आणि नवऱ्यानं सकाळपासून पढवून ठेवल्याप्रमाणं ललितानं दांडी खटकन सरकवली.

"अगं, मी आत हाय!"

"तुमीच म्हणला व्हता ना, बैल आत गेला की कुणाचं ऐकायचं न्हाई?"

पुढचं दार उघडायला आत जागा हवी होती, आणि त्या जागेत बन्सी होता. पाइपांमधून निसटावं तर डोकं बाहेर आलं, पोट आलं नाही. बादशानं त्याच्या मागच्या खिशाला नाक लावलं.

ललिता घाबरून दांडीकडं धावली. डॉक्टरांनी तिला थांबवलं. "राहू द्या ताई, बैल किती गप उभा आहे बघा. बन्सीराव, हलू नका. त्याच्याशी बोलत राहा."

"माझ्या राजा, झालंच बघ आता," बन्सी कापऱ्या आवाजात बोलत राहिला. खिळा निघाला. बादशानं एक सुस्कारा सोडला आणि पाय जमिनीवर पूर्ण टेकवला. बन्सीला इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले. या वेळी जवळपास भुसाही नव्हता.

खोड्याचा लौकिक गावभर झाला. पुढच्याच आठवड्यात गावातल्या वच्छलाबाईंचा फोन आला, त्यांचा बैल डॉक्टरांना जवळ येऊ देईना. बन्सी छाती फुगवून खोडा ट्रॉलीत चढवायला निघाला.

"अवो, खोडा ऱ्हाऊ द्या," फोन कानाला धरून ललिता म्हणाली. "त्यास्नी निस्तं तुमीच पायजे. गूळ घरात हाय म्हणत्यात."