पलंगाएवढा मंडप

केजमध्ये आमच्या शेजारी बन्सीआप्पा राहतात. त्यांच्या गोदामात आठशे खुर्च्या आहेत आणि घरात एकही नाही.

मी इथे नव्याने राहायला आलो तेव्हा ओळख करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. आप्पांनी मोठ्या अगत्याने "या सर, बसा" म्हटलं आणि जमिनीवर खताचं एक धुतलेलं पोतं अंथरलं. मागच्या उघड्या दारातून गोदाम दिसत होतं. एकात एक घातलेल्या खुर्च्यांच्या चळती छताला टेकल्या होत्या. सतरंज्यांच्या गुंडाळ्या होत्या, गाद्या होत्या, लोड-तक्के होते. मी पोत्यावर मांडी घातली. माझी नजर कुठे गेली ते आप्पांनी ओळखलं.

"भाड्याचा माल हाय तो," ते म्हणाले. "भाड्याचा माल घरात वापरायचा न्हाई. आपण वापरलेल्या मालाचे पैसे गिऱ्हाइकानं कावून द्यायचे?"

आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज आला, "आठशे खुर्च्यांची मालकीण हाय मी, सर. पोत्यावर उठून-बसून गुडघे गेले."

"मालकीण तुला कवा केली?" आप्पा म्हणाले.

"मग मालक तरी खुर्चीवर कवा बसले?" आतून उत्तर आलं.

आप्पांचा मंडपाचा धंदा आहे. लग्न, बारसं, सभा, सत्कार, तेरावं. माणसं जमणार असतील तिथे आप्पा आदल्या दिवशी पोचतात. कोणीही समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बजेट सांगा." माझे वडील गेले तेव्हा आप्पा आले, माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मग सवयीने तोंडातून गेलंच, "बजेट सांगा." स्वतःचंच बोलणं ऐकून ते दचकले आणि घाईघाईने म्हणाले, "नका सांगू. मंडप येतोय." मंडप आला. त्याचं बिल मात्र अजून आलेलं नाही.

त्यांचा आणखी एक नियम आहे. माणूस बसलेला असेपर्यंत खुर्ची उचलायची नाही. एका पुढाऱ्याच्या सत्काराला मी तो पाहिला. पुढाऱ्याने स्वतःच्या साधेपणावर भरपूर वेळ भाषण केलं. ते संपायच्या आत निम्मं मैदान रिकामं झालं, संपल्यावर उरलेलं. तिसऱ्या रांगेत एक म्हातारे मेंढपाळ तेवढे राहिले, घोंगडी मांडीवर घेऊन गाढ झोपलेले. आप्पांच्या माणसांनी सगळ्या खुर्च्या टेम्पोत भरल्या. मोकळ्या मैदानात ती एकच खुर्ची आणि त्यात ते म्हातारबाबा. माणसं कुरकुरायला लागली. आप्पा स्टेजच्या पायरीवर बसून राहिले. "खुर्ची भाड्यानं दिली म्हणजे तिच्यातली झोप बी दिली," ते मला म्हणाले. म्हातारबाबा दिवस मावळायला जागे झाले, आजूबाजूला पाहून म्हणाले, "संपलं का भाषण?" आप्पा म्हणाले, "आत्ताच."

गोदामाच्या कोपऱ्यात जुन्या चादरी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक खुर्ची असते. लाल मखमल, सोनेरी पाठ, हाताशी दोन सिंह. तिला महाराजा खुर्ची म्हणतात. तालुक्यातला प्रत्येक नवरदेव आणि प्रत्येक पुढारी तिच्यावर बसलेला आहे. तिच्यावर बसल्यावर माणसाचा आवाज बदलतो, हे मी अनेकदा ऐकलं आहे. तिच्यावरची धूळ आप्पांशिवाय कोणी पुसत नाही.

यंदा शिवरात्रीच्या सुमारास काकूंना मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. काकूंनी जेवण सोडलं. ताट समोर आलं की त्या मान फिरवायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "औषधाचं काम झालंय. आता पोटात अन्न गेलं तरच त्या उठतील." आप्पांनी पेंडखजूर आणला, लोणची आणली, मांजरसुंब्याच्या ढाब्यावरून डाळ आणली. काकूंनी सगळ्याला हात जोडले.

होळी झाल्यावर एक दिवस त्या आपणहून बोलल्या. "हरभऱ्याची भाजी आसती तर दोन घास गेले आसते."

तेव्हा शिवारातला हरभरा निघून खळी झाली होती. माझ्या बायकोने घरातली वाळवलेली भाजी नेऊन दिली. काकूंनी ती हुंगली आणि डबा हळूच बाजूला सारला. "ही वाळलेली. मला झाडावरची पायजे. खुडलेली." मग आढ्याकडे बघत त्या दिंद्रुडच्या माहेराबद्दल बोलत राहिल्या. थंडीत त्यांची आई रात्री हरभऱ्यावर ओलं धडकं, जुन्या कापडाचा तुकडा, पसरायची. सकाळी ते पिळलं की वाटीत आंब, पानांवरचं आंबट दंव, उतरायची. तिचा एक थेंब जिभेवर ठेवला की कान हलायचे. पोट दुखलं की आंब, तोंड आलं की आंब. हे सांगताना काकूंच्या तोंडाला पाणी सुटलं. आप्पांनी ते पाहिलं.

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "सर, उन्हाळ्यात घरात हरभरा येतो का?"

मी हसलो नाही, याचं आज मला बरं वाटतं. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं होतं की घरात तंबू ठोकून, आत दिवा लावून बारमाही काहीही पिकवता येतं; तयार तंबू मिळतो, मागवून देतो. आप्पांना ते लागलं होतं. "मी मंडपवाला. मी तंबू विकत आणू? तुमी फक्त वाचून सांगा आत काय काय लागतं."

मी शोध घेतला. परदेशातल्या एका उत्साही गृहस्थाने थोडक्या खर्चात घरातल्या घरात सेंद्रिय मातीचा तंबू कसा उभारावा, यावर फार प्रेमाने लिहिलं होतं. एवढ्या लांबलचक लेखात तो पिकाचं नाव मात्र कुठेच घेत नव्हता. थोडं वाचल्यावर ते पीक ताटात नव्हे, चिलमीत जाणारं असावं हे माझ्या लक्षात आलं. आप्पांना मी ते सांगितलं नाही. माती सगळ्यांची सारखीच असते.

आप्पांनी योजना आपल्या पद्धतीने ऐकली.

"पाहुणे किती?"

"सहा बादल्या बसतील. एकेकीत दहा-बारा रोपं."

"लाइट?"

"चांगला लागेल. आणि कोंदट हवा बाहेर टाकायला पंखा. आतून चकचकीत अस्तर, म्हणजे उजेड वाया जात नाही."

"स्टेजला लावतो तसंच. बजेट सांगतो मी," आप्पा म्हणाले. "गोदामातलं काही घ्यायचं न्हाई."

गोदामात बांबू, कापड, दोर, दिवे, पंखे सगळं असताना हा माणूस नळवाल्याकडून पाइपचे तुकडे गोळा करत हिंडला. खताची पोती उसवून त्यांनी भिंती शिवल्या. फ्रिजच्या दुकानातून रुपेरी वेष्टनं मागून आणली. हजारो माणसांचा मंडप नुसत्या नजरेने आखणारे आप्पा या पलंगाएवढ्या मंडपासाठी फूटपट्टी घेऊन बसले. तो काकूंच्या बाजेशेजारी, मधल्या खोलीत उभा राहिला.

पहिल्या पेरणीला आम्ही दोघांनी मिळून चूक केली. हरभरा आपल्या काळ्या मातीत येतो, तर काळी मातीच भरायची, यात विचार तो काय करायचा? शेतात ती माती भेगाळते, श्वास घेते. बादलीत तिचा दगड झाला. वर पाणी साचलं. कोंब आले, पिवळे पडले आणि मान टाकून बसले. काकू बाजेवरून बघत होत्या. "मंडप उतरवा," त्या म्हणाल्या. "पाहुणे गेले." त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

मी तो लेख पुन्हा उघडला आणि मातीचं प्रकरण या वेळी नीट वाचलं. माती भुसभुशीत हवी, तिच्यात कुजलेलं खत हवं, काथ्या हवा. आप्पा उठले आणि गोदामामागच्या खड्ड्याकडे गेले. कार्यक्रम आटोपला की स्टेजवरचे हार वर्षानुवर्षं त्या खड्ड्यात पडत आले होते. तळाशी त्यांची काळी, हलकी, वास नसलेली माती झाली होती. सत्कारांच्या नारळांच्या शेंड्या पिंजून आप्पांनी काथ्या केला. थोडं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि भेसळीपुरती आपली काळी माती. तालुक्यातल्या इतक्या सत्कारांचं शेवटी काहीतरी चांगलं झालं, असं मला त्या ढिगाकडे पाहून वाटलं.

रोपं वर आली, पण बल्बच्या उजेडात काडीसारखी उंच आणि फिकट व्हायला लागली. आप्पा एका दुपारी गोदामाच्या दारात नुसतेच उभे होते. बऱ्याच वेळाने आत गेले आणि स्टेजचा फोकस घेऊन आले. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "जुना हाय हा. गिऱ्हाईक घेत न्हाई." फोकस अगदी नवा होता. मग चैत्राचं ऊन वाढलं, पानांच्या कडा करपल्या, आणि एक दिवस लग्नाचा मोठा कूलर मधल्या खोलीत आला. या वेळी आप्पांनी कारणही दिलं नाही.

ऐन लग्नसराईत एका पुढाऱ्याचा माणूस आला. पुढाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. पांढऱ्या शुभ्र कपड्यांत तो पोत्यावर कसाबसा टेकला.

"आप्पा, सगळे कूलर पायजेत. साहेब म्हणले, स्टेजवर महाबळेश्वर झालं पायजे."

"एक कमी मिळंल."

"कावून?"

"बुक हाय."

"आमच्या आधी कुणी बुक केला?"

"हरभऱ्यानं."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर होतो. तो उठून मधल्या खोलीत डोकावला. तंबूच्या फटीतून झगझगीत उजेड बाहेर येत होता, कूलर घरघरत होता, बाजेवर काकू पडल्या होत्या.

"आप्पा," त्याने आवाज खाली आणला, "ह्याच्यात दुसरं काही न्हाई ना? नसती भानगड व्हायची."

"वास घेऊन बघ."

त्याने खरंच वास घेतला. "मग साहेबांना काय सांगू? हरभऱ्याला गरम व्हायलंय म्हणून?"

"तसंच सांग. आन् बजेट कमी कर माझं."

"महाराजा खुर्ची तरी हाय का? का तिच्यावर बी हरभरा बसिवलाय?"

"हाय. लग्नादिवशी सकाळी टेम्पो पाठवा."

रोपं वीतभर झाली. काकू आता कुशीवर वळून त्यांच्याकडे तोंड करून झोपायच्या. खाणं मात्र पेजेच्या पुढे सरकत नव्हतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "उद्या खुडू. आज धडकं टाका." आप्पांनी जुन्या धोतराचा तुकडा भिजवून रोपांवर पसरला. मी निघालो तसे ते माझ्यामागे अंगणात आले.

"सर, मी चाखून बघितलं."

"मग?"

"आंबट न्हाई हो. गवत लागतंय." त्यांनी मुठीतला शेंडा माझ्यापुढे केला. मी तो चावला. ते खरं बोलत होते. त्या परदेशी गृहस्थाने माती, उजेड, वारा सगळं सांगितलं होतं. थंडी आणि दंव कुठून आणायचं, हे त्याला कधी लागलं नसावं.

"आता ह्याच्यावर ती जेवली न्हाई," आप्पा म्हणाले, "तर माझ्याकडं दुसरं काही न्हाई."

सकाळी मी गेलो तेव्हा काकू बाजेच्या कडेवर बसल्या होत्या. बाजेवरून हात बादल्यांपर्यंत पोचत नव्हता आणि खाली पोत्यावर बसायला गुडघे तयार नव्हते. आप्पा जरा वेळ ते बघत राहिले. मग गोदामात गेले. प्लास्टिक फाडल्याचा आवाज आला. त्यांनी मला हाक मारली, आणि एका सिंहाला त्यांनी, एकाला मी धरून ती खुर्ची मधल्या खोलीत आणली.

"ही?" काकू म्हणाल्या. "आज नवरदेव बसायचाय हिच्यावर."

"त्याला टाइम हाय."

काकू बसल्या. खुर्ची इतकी मोठी की त्यांचे पाय जमिनीला लागेनात. आप्पांनी पोत्याची घडी घालून ती पायांखाली सरकवली. मग धडकं काढून वाटीत पिळलं. थोडं पाणी उतरलं. काकूंनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"आंबट हाय का?" आप्पांनी विचारलं.

काकूंनी डोळे घट्ट मिटले, खांदे आक्रसले, चिंचेचा आकडा चोखावा तसं तोंड केलं.

"लई," त्या म्हणाल्या.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी सिंहाकडे पाहिलं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आप्पा दारात गेले. ड्रायव्हर खिडकीतूनच ओरडला, "आप्पा, खुर्ची टाका लवकर! साहेबांचे फोन यायलेत."

"थांब."

"थांब काय? नवरदेव घोड्यावरून उतरायची वेळ झाली."

"थांब म्हणलं ना. माणूस बसलंय."

आत काकू शेंडे खुडत होत्या. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक शेंडा, एक तोंडात, पुढचे ओटीत. त्यांना कसलीही घाई नव्हती. तोंडातला घास त्या बराच वेळ चावत होत्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "भाकर हाय का रातची?"

आप्पा दारातून स्वयंपाकघरात गेले ते जवळजवळ धावतच. भाकरी घेऊन आले आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसून तिचे तुकडे मोडायला लागले. बाहेर ड्रायव्हरने आणखी एकदा हॉर्न दिला, वाट पाहिली, आणि इंजिन बंद केलं.